विक्रमांची खतावणी : भाईंदरहून आझाद मैदानापर्यंत

विरारहून सुटलेली लोकल नायगाव सोडते आणि काही क्षणांतच दोन्ही बाजूंना वसईच्या खाडीचे पाणी पसरते. मधल्या पाणजू बेटावरून रूळ पुढे जातात, पुन्हा एक पूल लागतो आणि तो संपताच भाईंदर येते. मिठागरे, रेती आणि मासळी ही या गावाची जुनी ओळख. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली, आणि एका पिढीच्या आत गावाचे शहर झाले. पूर्वेला स्टीलची भांडी घडवणारे कारखाने, पश्चिमेला देवचंदनगरातील बावन जिनालय आणि दोहोंच्या आसपास राजस्थान, गुजरात, कच्छ-काठियावाडातून येऊन स्थिरावलेली व्यापारी कुटुंबे. या गावात वहीला मान आहे. वर्षभर संगणकावर हिशेब ठेवणारा व्यापारीसुद्धा दिवाळीला चोपडापूजनासाठी एक कोरी लाल वही पाटावर ठेवतो आणि तिच्या पहिल्या पानावर 'शुभ' व 'लाभ' ही अक्षरे लिहितो.

याच खाडीवरून रोज पहाटे आणखी एका प्रकारचे प्रवासी जातात. खांद्याला स्वतःच्या उंचीएवढी किट-बॅग लावलेली शाळकरी मुले विरार, नालासोपारा, वसई येथून निघतात, भाईंदर आणि मीरा रोडला त्यांच्यात भर पडते, आणि गर्दीच्या डब्यातील लोकांची बोलणी ऐकत ती दादर, चर्चगेट गाठतात. त्यांचे गंतव्य शिवाजी पार्क, आझाद मैदान किंवा क्रॉस मैदान. व्यापारी पेढीवर जातो आणि मुलगा मैदानावर. दोघांच्याही दिवसाचा शेवट मात्र कोणीतरी वहीत मांडलेल्या आकड्याने होतो. मुंबईच्या क्रिकेटमधील मोठे विक्रम या दृष्टीने पाहिले तर ते व्यापारी घराला फार ओळखीचे वाटतात.

या पुलावरून गेलेल्या मुलांपैकी दोघांची नावे आज सर्वांना ठाऊक आहेत. शार्दूल ठाकूर पालघरचा. चर्चगेटपासून पालघर सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन रोजचा दिवस गाडीतच मावळायचा. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल शाळेतील प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या शाळेत आणले, आणि शालेय सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले. याच शाळेने त्याच्याआधी रोहित शर्मा नावाच्या मुलाला शुल्कमाफी देऊन प्रवेश दिला होता. त्या मुलाने १३ नोव्हेंबर २०१४ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध २६४ धावा केल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातील ही सर्वोच्च खेळी आहे. शार्दूलने जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत पहिल्या डावात ६७ धावा काढल्या आणि सामन्यात ७ बळी घेतले. दुसरा मुलगा विरारचा पृथ्वी शॉ. लहानपणी तो वडिलांबरोबर याच गाडीने वांद्र्यापर्यंत जात असे. त्याच्या आकड्यांकडे वळण्यापूर्वी ते आकडे जेथे लिहिले गेले, त्या जागेची ओळख करून घ्यावी लागते.

चर्चगेटला उतरून दहा-पंधरा मिनिटे चालले की आझाद मैदान लागते. दक्षिणेकडील टोकाला बॉम्बे जिमखान्याचे मैदान आहे. भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये येथेच झाला आणि लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक, ११८ धावांचे, येथेच झळकावले. बाकीच्या मोकळ्या भागात एकाच वेळी अनेक सामने चालू असतात. एका सामन्याचा सीमारक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो. नवख्याला कोणता चेंडू कोणाचा हेच कळत नाही. हा सारा गोंधळ ज्याच्या टेबलापाशी येऊन शिस्तीत बसतो तो मनुष्य म्हणजे गुणलेखक, ज्याला मैदानावर सगळे स्कोअरर म्हणतात. तंबूच्या कडेला एक टेबल, दोन खुर्च्या, दोन वह्या आणि दोन-तीन रंगांची पेने, एवढीच त्याची पेढी.

त्याच्या वहीची मांडणी पाहिली की जमाखर्च शिकलेल्या माणसाला आश्चर्य वाटते. फलंदाजाने एक धाव काढली तर ती फलंदाजाच्या खात्यात जमा होते आणि त्याच क्षणी गोलंदाजाच्या खात्यात नावे पडते. एकूण धावसंख्येच्या ओळीतही तिची नोंद होते. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या माथी मारता येत नाहीत, म्हणून त्यांचे अवांतर खाते वेगळे. डाव संपला की तेरीज मांडायची: सर्व फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर हा एक आकडा, आणि सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय व लेगबाय हा दुसरा. दोन्ही एक आले पाहिजेत. एका धावेचा फरक पडला तरी पहिल्या षटकापासून पाने उलटावी लागतात. शिवाय गुणलेखक दोन असतात आणि त्यांनी आपापल्या नोंदी वरचेवर ताडून पाहाव्यात असा खेळाचा नियमच आहे. पंचाने चौकाराची खूण केली की गुणलेखकाने हात उंचावून पोच द्यायची. पोच मिळेपर्यंत पंचाने खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही. बँकेतील मोठ्या रकमेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात, त्यातलाच हा प्रकार.

तेरीज वाचता आली की प्रसिद्ध विक्रमही नव्याने वाचता येतात. फेब्रुवारी १९८८ मध्ये याच मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिरच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. बेरीज केली तर ६७५ येते. मग भागीदारी ६६४ कशी? चूक कोठेच नाही. सचिन खेळपट्टीवर आला तेव्हा संघाच्या २ बाद ८४ धावा झालेल्या होत्या आणि कांबळी आधीपासून खेळत होता. त्याच्या खात्यात त्या वेळी किमान ११ धावांची आरंभीची शिल्लक होती. संघाचा डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला. त्यातून ८४ वजा केले की बरोबर ६६४ उरतात. हा विक्रम २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावांची भागीदारी करून मोडला. १९८८ च्या आकड्यांचा ताळा मात्र आजही कोणालाही घरबसल्या करून पाहता येतो.

याच मैदानावर नोव्हेंबर २०१३ मध्ये चौदा वर्षांच्या पृथ्वी शॉने हॅरिस शील्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ धावा केल्या. त्यात ८५ चौकार आणि ५ षटकार होते. म्हणजे ३४० आणि ३० मिळून ३७० धावा सीमापार, आणि उरलेल्या १७६ धावा त्या मुलाने प्रत्यक्ष धावून काढल्या. वर्तमानपत्रांनी चौकार मोजले. त्या १७६ धावांचे श्रम वहीतच दिसतात.

गुणलेखनाची ही शिस्त क्रिकेटपुरती राहिली नाही. ती अमेरिकेत बेसबॉलमध्ये गेली, आणि तीही क्रिकेटच्याच एका वार्ताहराच्या हातून. हेन्री चॅडविक हा १८२४ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर गावी जन्मलेला मनुष्य लहानपणी कुटुंबासह ब्रुकलिनला आला. क्रिकेटच्या सामन्यांची वृत्ते लिहिता लिहिता तो बेसबॉलकडे वळला आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्याने बेसबॉल सामन्याचा संक्षिप्त तक्ता रूढ केला. अमेरिकेत आज प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक फटका शतकभर मागे जाऊन शोधता येतो, त्याचे मूळ या तक्त्यात आहे.

त्या वह्यांतील चुकाही बोधप्रद आहेत. १९१० मध्ये डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅपोलियन लाजॉय यांच्यात सर्वोत्तम फलंदाजी सरासरीसाठी चुरस होती. विजेत्याला चाल्मर्स कंपनीची मोटारगाडी मिळणार होती. अधिकृत हिशेबात कॉब किंचित पुढे ठरला आणि कंपनीने वाद टाळण्यासाठी दोघांनाही गाडी दिली. सुमारे सत्तर वर्षांनंतर, १९८१ मध्ये, संशोधकांनी मूळ कागद तपासून दाखवले की डेट्रॉइटचा एक सामना खात्यात दोनदा चढवला गेला होता. एकच पावती दोनदा खतावली जावी तशी ही चूक. ती दुरुस्त केली तर मान लाजॉयकडे जात होता. त्या वेळच्या आयुक्तांनी जुना निर्णय बदलण्यास नकार दिला. परिणाम असा की कॉबचे कारकिर्दीतील एकूण यशस्वी फटके काही ग्रंथांत ४१९१ तर काहींत ४१८९ दिसतात.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. १९३० च्या हंगामात शिकागो कब्जच्या हॅक विल्सनने सहकाऱ्यांना १९० धावा मिळवून दिल्या, असा विक्रम नोंदला गेला. पुढे कळले की त्यातली एक धाव चुकून चार्ली ग्रिम या त्याच्या सहकाऱ्याच्या खात्यात जमा झाली होती. १९९९ मध्ये अधिकृत पुस्तकात १९० चे १९१ झाले. विल्सन १९४८ मध्येच, जवळजवळ विपन्नावस्थेत, निवर्तला होता. त्याला या एका धावेचा काय उपयोग, असे कोणी विचारील. जी पेढी मृत खातेदाराच्या वारसाला एक रुपया परत करते तिच्यावर जिवंत खातेदार विश्वास ठेवतात, हेच त्याचे उत्तर.

आणि ज्यांची खातीच उघडली गेली नाहीत त्यांचे काय? अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत मुख्य स्पर्धांची दारे बंद होती. त्यांच्या स्वतंत्र स्पर्धा होत, पण त्यांची आकडेवारी अधिकृत पुस्तकात घेतली जात नसे. जॉश गिब्सन हा त्यांच्यातला महान फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी वारला; जॅकी रॉबिन्सनने एप्रिलमध्ये ती भिंत ओलांडली. जुनी वर्तमानपत्रे आणि धावफलक गोळा करून संशोधकांनी या स्पर्धांचा हिशेब पुन्हा उभा केला, आणि मे २०२४ मध्ये तो अधिकृत विक्रमांत समाविष्ट झाला. तेव्हा ०.३७२ सरासरी असलेला गिब्सन टाय कॉबच्याही वर, प्रथम क्रमांकावर आला. सत्त्याहत्तर वर्षे उशिरा का होईना, वही पूर्ण झाली.

जैन वाचकाला येथे आपल्याच शास्त्रातील एक शब्द आठवावा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख करणे हा एक आहे आणि ठेव गिळंकृत करण्याचा 'न्यासापहार' त्याच्या शेजारीच आहे. खोटे बोलणे वाऱ्यावर विरून जाते. खोटे लिहिलेले मात्र पुढच्या पिढीच्या हाती पडते. वडिलांनी मांडलेल्या वहीवर मुलगा व्यवहार करतो, हे ज्या घरांना ठाऊक आहे त्यांना या अतिचाराचे वजन निराळे सांगावे लागत नाही.

नोंद चुकली म्हणजे प्रत्यक्ष खेळावर काय परिणाम होतो, हे जानेवारी १९५९ मध्ये कराचीत दिसले. हनीफ मोहम्मद बहावलपूरविरुद्ध पाचशे धावांच्या उंबरठ्यावर होते. फलकावर त्यांच्या नावापुढे ४९६ दिसत होते. दिवसाचा खेळ संपत आलेला, म्हणून पुढचा चेंडू आपल्यालाच खेळायला मिळावा यासाठी त्यांनी घाईने दुसरी धाव घेतली आणि ते धावबाद झाले. नंतर समजले की फलक मागे होता. ते ४९८ वर होते आणि ४९९ वर बाद झाले. फलक खरा असता तर त्या धोक्याच्या धावेची त्यांना घाई नव्हती.

भाईंदरहून घोडबंदरच्या रस्त्याने ठाण्याकडे आणि तेथून पुढे गेले की कल्याण लागते. जगातील कोणत्याही नोंदलेल्या सामन्यातील सर्वांत मोठी वैयक्तिक खेळी या शहरात झाली. तत्पूर्वीचा विक्रम जून १८९९ मधला, इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजातील तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा : नाबाद ६२८. त्या सामन्याच्या एका गुणलेखकाने हा आकडा वीसएक धावांनी इकडेतिकडे धरावा असे म्हटल्याचे सांगतात. म्हणजे एकशे सोळा वर्षे जग ज्याला प्रमाण मानत होते त्या आकड्याचा ताळा लिहिणाऱ्यालाच खात्रीने जमलेला नव्हता. कॉलिन्स मोठेपणी सैन्यात गेला आणि ११ नोव्हेंबर १९१४ रोजी पहिल्या महायुद्धात यप्रेच्या रणभूमीवर मारला गेला.

४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकारांचे ५१६ आणि ५९ षटकारांचे ३५४ मिळून ८७०. उरलेल्या १३९ धावा धावून. संघाची धावसंख्या ३ बाद १४६५. प्रतिस्पर्धी संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले, म्हणजे विजय एक डाव आणि १३८२ धावांनी. समोरची मुले लहान होती, सीमारेषा जवळ होती, असे आक्षेप घेतले गेले आणि ते खोटे नव्हते. पण वही मालाची प्रत ठरवत नाही, ती नग मोजते. आणि नग १००९ होते.

या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. रिक्षाचालकाच्या या मुलाला मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे त्याची कामगिरी मंदावली. २०१७ मध्ये कुटुंबाने स्वतः असोसिएशनला कळवले की शिष्यवृत्ती थांबवावी. ज्या घरात दरमहा दहा हजारांचे मोल मोठे, त्या घराने न कमावलेली रक्कम जमेस धरण्यास नकार दिला. अचौर्याची व्याख्या मुलांना समजावून सांगायची असेल, तर हे उदाहरण जवळचे आहे, आणि एका लोकलच्या अंतरावरचे आहे.

कल्याणहून घाट चढून गेले की पुणे. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी सामना झाला. शत्रुंजय आणि गिरनार ज्या भूमीत आहेत त्या काठियावाडचा हा संघ. भाईंदरच्या कितीतरी घरांच्या आजोळचा. त्यांच्या २३८ धावांना उत्तर देताना महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ वर परतले. निंबाळकर खेळतच राहिले. विश्रांतीच्या वेळी ते नाबाद ४४३ होते आणि संघ ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडण्यास फक्त १० धावा हव्या होत्या.

काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी खेळ पुढे चालू ठेवण्यास नकार दिला आणि सामना सोडला. आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाच्या पानावर लिहिले जाऊ नये, ही त्यामागची भावना असे सांगतात. पण वहीपासून पळता येत नाही. सामना सोडल्याचीही नोंद झाली, आणि ज्या पानावर काठियावाडचे नाव नको होते त्याच पानावर ते कायमचे राहिले. निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. कोल्हापूरचे हे सुपुत्र ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असताना निवर्तले. त्यांचा नाबाद ४४३ हा आकडा आजही रणजी स्पर्धेतील सर्वोच्च आहे.

त्याच्या सर्वांत जवळ जो पोचला तो खाडीपलीकडचा विरारचा मुलगा. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीजवळ आसामविरुद्ध पृथ्वी शॉने ३७९ धावा केल्या आणि संजय मांजरेकरांचा ३७७ चा जुना आकडा मागे टाकून रणजीच्या यादीत निंबाळकरांखालची जागा घेतली. त्याच्या कारकिर्दीत चढउतार आले. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून निंबाळकरांच्याच महाराष्ट्र संघात दाखल झाला. दोन नावांमधील ६४ धावांची बाकी अद्याप कोणी फेडलेली नाही.

रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मैदानावर किंवा एखाद्या सोसायटीच्या आवारात जे सामने होतात, त्यांतले बहुतेक कोणी लिहून ठेवत नाही. धावा बोटांवर मोजल्या जातात आणि भांडण झाले तर शपथेवर मिटते, तोंडी उधारीसारखे. एखाद्या आजोबांनी शेजारी खुर्ची टाकून नातवाला रेघा आखलेली एक वही दिली आणि फलंदाजाची जमा, गोलंदाजाची नावे व शेवटी तेरीज एवढे दाखवले, तर एका सुट्टीत ही विद्या येते. मुंबई क्रिकेट असोसिएशन गुणलेखकांसाठी परीक्षा घेते. ज्या मुलाचा हात बॅटपेक्षा आकड्यांवर बसतो त्याला तीही वाट मोकळी आहे. आझाद मैदानावर गेल्यास गुणलेखकाच्या मागे शांतपणे उभे राहून वही पाहता येते. मात्र षटक चालू असताना त्याच्याशी बोलू नये. जे विचारायचे ते चहापानाच्या वेळी.